फेस असेपर्यंत

गेल्या रविवारी सकाळी माझ्या हातून आजोबांची डावीकडची अर्धी मिशी उडाली.

असं काहीही झालेलं नाही. त्याच दुपारी स्वयंपाकघरात घरच्यांची बैठक बसली आणि आजोबांना मिशी कधी नव्हतीच, असं एकमताने ठरलं. मत द्यायला मी हात वर केला तेव्हा त्याला अजून साबणाचा वास येत होता. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत आजोबांच्या नाकाखाली जे दिसतं ती सावली आहे. आत्याच्या लग्नाच्या फोटोतही सावलीच आहे. त्या काळी ऊन सारखं एकाच बाजूने यायचं. तेव्हा जे घडलंच नाही ते बाजूला ठेवतो आणि वस्तऱ्याबद्दल सांगतो.

वस्तरा तसा साधाच. काळी शिंगाची मूठ, एका टोकाला बारीक चीर, आणि मिटलं की मुठीत जाऊन झोपणारं पातं. घेतला तेव्हा पातं चांगलं रुंद होतं म्हणे. आता निम्मं उरलंय. बाकीचं घासून घासून गेलं. कुठे गेलं ते कुणी विचारत नाही, बहुतेक आजोबांच्या गालातच मुरलं असावं.

आजोबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘थुंकू नये’च्या, ‘चौकशी आत करावी’च्या. एका हाताने शिडी धरायची आणि दुसऱ्या हाताने, पट्टी न लावता, हातभर लांब सरळ रेघ मारायची. ज्या हाताने रेघ मारायची त्याच हाताने सकाळी दाढी. त्यांच्या मते दोन्ही एकच काम. पाटीवर रंग चढवायचा असतो, गालावरून उतरवायचा असतो, एवढाच फरक.

ती दाढी मी जन्मापासून बघत आलोय. खिडकीच्या चौकटीत खिळा, खिळ्याला आरसा. खिडकीच्या कडीला चामोटं, म्हणजे धार लावायचा चामड्याचा पट्टा. पत्र्याच्या मगात वाफाळतं पाणी. आधी गरम फडकं तोंडावर दाबून धरायचं. मग वाटीत ब्रश फिरवून फेस काढायचा, इतका की ब्रश वाटीत आपला आपण उभा राहिला पाहिजे. पडला तर पुन्हा. मग चामोटं ताणून वस्तरा एकदा वर, एकदा खाली, सप्प, सप्प. दोन्ही वेळा पात्याची पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामड्याचेच दोन पट्टे होतात. मग डाव्या मनगटावरचा एक केस उडवून धार बघायची. आजोबांच्या डाव्या मनगटावर केस नाहीत. लहानपणी मला वाटायचं, म्हातारपणी सगळ्यांचे तेवढेच जातात.

यानंतर उजवं कोपर हवेत, डाव्या हाताने कातडी ताणलेली, आणि कानापासून खाली पहिला हात. खरवडल्यासारखा बारीक आवाज. फेस वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुसायचा. मिशीच्या कडा कोरताना नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर. शेवटी तोंड धुऊन तुरटीचा खडा फिरवायचा आणि तो झोंबला की ‘हां’ म्हणायचं. त्या ‘हां’वर आमच्याकडे चहा ठेवला जायचा.

आजोबा सांगतात, त्यांच्या काळी सगळेच असं करायचे. कारकून, ड्रायव्हर, गवंडी, मास्तर. दाढीसाठी न्हाव्याकडे जायचं ते लग्नाच्या दिवशी किंवा हात मोडला तर. तरुणपणी आजोबा आणखी तीन पेंटरांबरोबर एका खोलीत राहायचे. चौघांत एक आरसा. सगळ्यात उशिरा उठणाऱ्याला गार पाणी आणि वाफ धरलेला आरसा. त्यातल्या एकाला लंबू म्हणायचे. आरसा बुटक्या मालकाने लावलेला, त्यामुळे लंबूला त्यात फक्त हनुवटी दिसायची. स्वतःचं कपाळ त्याने लग्नाच्या फोटोत पहिल्यांदा नीट पाहिलं आणि फोटोवाल्याशी भांडला, हा माझा नाही म्हणून.

कापलं की वर्तमानपत्राचा कपटा चिकटवायचा आणि कामाला निघायचं. साहेब काय, शिपाई काय, सगळ्यांच्या तोंडावर कपटे.

“तेव्हा पेपर विकत घ्यायला लागत नसे,” आजोबा म्हणतात. “बसमध्ये समोरच्याच्या तोंडावर वाचायचा. कधी कधी बातमी अर्धी असायची, मग तो दुसरा गाल कधी वळवतोय याची वाट बघायची.”

आता आमच्या घरच्या पद्धतीकडे येतो, कारण मिशी, जी नव्हतीच, ती त्या पद्धतीपायी गेली.

आजोबा तापट होते. लग्न नवीन असताना आजीने त्यांचा सगळ्यात लाडका ब्रश, केसासारखी बारीक रेघ मारायचा, उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ केला. ब्रशाचा बोळा झाला. हे सांगायचं कसं? आजीने रात्रभर विचार केला आणि सकाळी आजोबांचा वस्तरा बरोबर गळ्यावर आला असताना दारातून सांगितलं. गळ्यावर वस्तरा असलेल्या माणसाला ओरडता येत नाही. मान वळवता येत नाही. साधं ‘काय?’ म्हणता येत नाही. त्याच्याकडे फक्त भुवया उरतात. फेस उतरून तुरटी फिरेपर्यंत आजोबांचा राग अर्धा झाला होता, आणि तुरटी झोंबली त्यात उरलेला गेला.

तेव्हापासून तो घरचा कायदाच झाला. वाईट बातमी फेस असेपर्यंत सांगायची आणि तुरटी फिरली की विषय बंद. पुन्हा काढायचा नाही, कोणीही. किरकोळ गोष्टी वस्तरा गालावर असताना, मोठ्या गळ्यावर. बाबा गणितात नापास झाले तेव्हा त्यांनी घाई केली आणि आजोबा नुसता फेस फासत होते तेव्हाच सांगून टाकलं. हातात वस्तरा नव्हता, ब्रश होता. तो फेकता येतो. आत्या अजून म्हणते, “दादाच्या त्या कानाला आजही साबणाचा वास येतो.”

आत्या हुशार. चष्म्याच्या दुकानवाल्याशी लग्न करायचंय हे तिने गळ्याच्या अगदी घाटीवर सांगितलं. आजोबांच्या दोन्ही भुवया वर गेल्या आणि तुरटीपर्यंत खाली आल्या नाहीत. मग तोंड पुसून ते म्हणाले, “दुकानाची पाटी कोण रंगवतंय?”

ती त्यांनीच रंगवली. निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘येथे स्पष्ट दिसेल’. रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यायची. फुपाजींचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, म्हणणं, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं पाटी वाचून, आपल्याला छान दिसतंय म्हणत परत जायची.

मग आजोबांचा हात थरथरायला लागला.

आधी पाटीत दिसलं. एका दातांच्या डॉक्टरची पाटी होती. सगळी अक्षरं घाबरल्यासारखी निघाली. आजोबांनी ती पुसून पुन्हा करून देतो म्हटलं, पण डॉक्टरांना ती दवाखान्याला शोभतेय असं वाटलं. ती त्यांची शेवटची पाटी. मग चेहऱ्यावर दिसायला लागलं. रोज कपटे वाढत गेले. शेवटी शेवटी आजोबा चहाला बसले की हवामानाचा पूर्ण अंदाज वाचता यायचा.

स्वयंपाकघरात दार लावून बैठक बसली. आत्या मुद्दाम आली होती.

“अण्णांना कोणीतरी सांगायला हवं, आता वस्तरा पुरे,” आई म्हणाली.

“सांगू की,” बाबा म्हणाले.

“कधी?”

“सकाळी. दाढी करताना.”



“म्हणजे हात थरथरतो, वस्तरा सोडा, हे आपण त्यांना वस्तरा गळ्यावर असताना सांगणार,” आत्या म्हणाली. “दादा, तू डॉक्टर झाला नाहीस ते फार बरं झालं.”

“मग गालावर असताना सांगू.”

“ही गालाची बातमी आहे का?”

नव्हती. ते बाबांनाही मान्य होतं.

“संध्याकाळी सांगा की साधं समोर बसून,” मी म्हणालो.

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आजोबांना तार करायला सांगितली. समोर बसून सांगायची पद्धत आमच्यात नाही. मग बाबांनी सगळ्यात मोठ्या माणसाला शोभेल असा निर्णय घेतला. त्यांनी वस्तरा लपवला.

त्या जागी त्यांनी दाढीचं यंत्र आणून ठेवलं, विजेवर चार्ज होणारं, दिवा लागणारं. आजोबांनी सकाळी खिडकीपाशी येऊन ते पाहिलं. बटण दाबलं. ते घुर्र करून हातात नाचायला लागलं.

“हे माझ्यापेक्षा जास्त थरथरतंय,” आजोबा म्हणाले आणि बंद करून ठेवून दिलं.

वस्तरा कुठे गेला हे त्यांनी विचारलं नाही. शोधला नाही. खिडकीशी उभं राहून तोंड धुतलं, तुरटी नाही, ‘हां’ नाही, आणि येऊन बसले. आईला चहा कधी ठेवायचा तेच कळेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दाढी वाढायला लागली. आधी पांढरी खुंटं, मग गवत, मग रान. पाऊण इंची ब्रशाएवढी रेखीव मिशी, म्हणजे सावली, त्या रानात कुठेतरी हरवली. रस्त्यात लोक त्यांना वाट द्यायला लागले. दूधवाला, जो आजवर फक्त ‘एक का दोन’ एवढंच विचारायचा, तो एके दिवशी दारात बसून, मोठ्या भावाशी बोलावं का नाही, असा सल्ला मागून गेला.

आणि घरात बातम्या तुंबल्या. फेसच नाही, तर सांगणार कधी? आईची एक होती, आत्याची एक होती. बाबांची तर होतीच. तिघंही आजोबांसमोरून तोंडात गरम घास असल्यासारखे वावरायचे. आत्या चार वेळा येऊन, दारातून आजोबांची दाढी बघून, परत गेली. एकदा आईने जेवताना सुरुवात केली, “अण्णा, तुमचा तो रंगाने भरलेला जुना सदरा आहे ना...” आजोबांनी मान वर करून, मोकळ्या गळ्याने विचारलं, “काय त्याचं?” आई म्हणाली, “काही नाही. छान आहे.”

मला दाढी आहे. आजकाल सगळ्यांना असते तशी. तिची निगा मी राखत नाही, तीच माझी राखते. त्यामुळे आजोबा मला ‘दाढीवाले’ म्हणतात, आणि चिडवताना अहोजाहो करतात. एका सकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि घरची पद्धत मोडून समोरासमोर विचारलं.

“आजोबा, वस्तरा कुठाय माहितीये तुम्हाला?”

“शिवणाच्या मशिनीच्या खणात,” ते म्हणाले. “तुझ्या बापाला लपवता येत नाही. प्रगतिपुस्तकही तिथेच लपवायचा.”

“मग काढला का नाही?”

“काढतो की. रोज काढतो. तो कामाला गेला की चामोट्यावर चार हात मारतो, तेलाचं बोट फिरवतो, परत ठेवून देतो. गंजला तर त्यालाच वाईट वाटेल, आपण लपवल्यामुळे गंजला म्हणून.”

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. मांडीवर ठेवला होता आणि तिथेही तो आपल्या मनाने काहीतरी लिहीत होता.

“दाढी का नाही केलीत मग?”

“हात नको म्हणतोय. मला कळतं ते. त्याने सांगितलंय मला, तुम्ही कोणी सांगायची गरज नव्हती.” त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला. “दाढीचं काही नाही रे. दाढी तू पण वागवतोस, जगतोयसच की. पण हे यंत्र लावलं तर त्या घुर्रमध्ये मला ऐकू काय येणार? आणि ते गळ्यावर ठेवून ओरडताही येतं. कोण सांगेल मग मला काही? आत्ताच बघ, सदरा छान आहे म्हणतात. ज्या म्हाताऱ्याला घरात काही सांगत नाहीत ना, तो मग कपाटासारखा होतो. त्याच्याभोवती झाडतात.”

मी यंत्र उचलून त्याच्या खोक्यात घातलं.

“तू कर,” आजोबा म्हणाले.

“काय?”

“माझी दाढी. तुझा हात थरथरत नाही. बुद्धी थरथरते, पण ती दाढीला लागत नाही.”

शिक्षण फुग्यांवर झालं, बाबा कामाला गेले की खणातला वस्तरा काढून. फुगा फुगवायचा, त्याला फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो फुटू न देता उतरवायचा. जुने न्हावी असंच शिकायचे म्हणे. आजोबांनी प्रत्येक फुग्यावर रंगाने एकेक चेहरा काढून दिला, म्हणजे गाल कुठे आणि हनुवटी कुठे ते कळेल. हात थरथरत असल्यामुळे सगळे चेहरे जरा काळजीत होते. पहिला फुगा बाबांचा निघाला. ते फुटले. मग फुपाजी फुटले. लंबू बराच टिकला, हनुवटीपर्यंत आलो होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, वाढदिवस कुणाचा आहे, आणि फेस फासलेला फुगा मांडीवर घेऊन बसलेला मला बघून आल्या तशा खाली गेल्या.

“दाबू नको,” आजोबा सांगायचे. “वस्तरा आपल्या वजनाने जातो. तू फक्त वाट दाखव. आणि पातं झोपवलेलं ठेव, उभं केलंस की कापलंच.”

“किती दिवसांत येतं हे?”

“हातात बसायला तीसेक वर्षं लागतात.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत कपटे.”

शेवटी आजोबांच्याच चेहऱ्याचा फुगा आला. तो फुटला नाही. मी गळ्यापर्यंत उतरवला आणि वस्तरा मिटला तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. आजोबांनी फुगा हातात घेऊन चारी बाजूंनी बघितला. “रविवारी,” म्हणाले.

रविवारी दाढी मी करणार हे घरात सांगून ठेवलं होतं. आईने मगात पाणी तापवलं. आत्या आली. बाबा शिवणाच्या मशिनीपाशी गेले, खण उघडला, वस्तरा लखलखताना बघून जरा गोंधळले, आणि तो आणून माझ्या हातात दिला. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत, मानेभोवती टॉवेल. आधी रान कात्रीने उतरवलं. गरम फडकं. फेस काढला. ब्रश वाटीत उभा राहिला.

मी वस्तरा उघडला आणि कानापासून पहिला हात मारला. खरवडल्याचा तो आवाज आला. इतक्या दिवसांनी आला की आईने सवयीने दारात जागा घेतली. आणि त्या क्षणी मला कळलं की आपण सगळ्यांनी सगळ्याचा विचार केला, फक्त एक गोष्ट राहिली. वस्तरा आजोबांच्या तोंडावर होता. फेस होता. घरात बातम्या तुंबलेल्या होत्या. आणि आजवर या खोलीत ज्याला बातमी सांगायची त्याच्याच हातात वस्तरा असायचा. आज तो माझ्या हातात होता, आणि हे त्या तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“अण्णा,” आई म्हणाली, “तुमचा तो रंगाचा सदरा मी फाडून फरशी पुसायला घेतला.”

गालाची बातमी. आजोबांची एक भुवई वर गेली आणि खाली आली. मी वस्तरा उचलून पुसला. हात ठीक होता.

“थांबा ना जरा,” मी म्हणालो.

“तू तुझं काम कर,” आत्या म्हणाली. ती वाट बघत होती. मी हनुवटी केली, मग मान मागे करून गळ्यावर आलो, आणि वस्तरा बरोबर घाटीवर असताना ती पुढे झाली.

“अण्णा, दुकानाची पाटी उतरवलीय. तुम्ही रंगवलेली. आतून दिवे लागणारी बसवतोय. बाकी सगळ्या दुकानांना तसल्याच झाल्यात, आमचं दुकान संध्याकाळी दिसतच नव्हतं.”

पात्याखाली आजोबांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि हळू खाली आली. मी वस्तरा हवेत धरून उभा राहिलो. त्यांचे डोळे मिटलेले होते. भुवया हलल्या नाहीत, कुठेच. मग दोन्ही एकदा वर जाऊन खाली आल्या, म्हणजे ‘बरं’. आत्याने ओढणीने नाक पुसलं. मी गळा पूर्ण केला. एक थेंबही रक्त नाही, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे नोंदवण्यासारखं काही राहत नाही.

मिशी राहिली होती. रानातून ती शोधून काढायची होती. मी आजोबांच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरला, वर केला, आणि डाव्या बाजूची कड कोरायला पातं टेकवलं. बाबांना वाटलं आता संपतंय. तुरटी फिरली की विषय बंद, मग आपली बातमी आयुष्यभर राहील. ते घाईघाईने पुढे आले. त्यांचा चेहरा फुग्यावरच्या चेहऱ्यासारखाच होता.

“अण्णा, वस्तरा मी लपवला होता. शिवणाच्या मशिनीच्या खणात. तुम्हाला मुळीच सापडणार नाही अशा जागी.”

आजोबांनी गळ्यावर, गालावर वस्तरा असताना सगळं ऐकून घेतलं होतं. नापास होणं, लग्न, बोळा झालेला ब्रश. पण ते हात स्वतःचे होते. वस्तरा स्वतःच्या हातात असला की हसू आवरावं लागतं. हा हात माझा होता. त्यांचा वरचा ओठ आधी थरथरला, मग नाक माझ्या चिमटीतून सुटलं, आणि आजोबा पोट धरून मोकळ्याने हसले. पातं आपल्या वजनाने गेलं. मी फक्त वाट दाखवली.

अर्धी मिशी वर्तमानपत्रावर पडली, फेसासकट. आईने तोंडावर पदर धरला. बाबा त्या अर्ध्या मिशीकडे असं बघत होते की जणू तीच नापास झालीय.

आजोबांनी आरशात बघितलं. डावीकडे ओठ, उजवीकडे मिशी. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि माझं मनगट धरलं. हात थरथरत होता, आणि आता मलाही थरथरवत होता.

“शिडीवर वारा आला की काय करायचो आम्ही?” ते म्हणाले. “वाऱ्याशी भांडायचं नाही. दोन झुळकांच्या मधे जागा असते. थांब. थांब... आता.”

मी पातं टेकवलं. एक बोटभर गेलं.

“थांब,” ते म्हणाले. “आता.”

असं करत करत, त्यांच्या थरथरीतल्या मोकळ्या जागा शोधत, आम्ही दोघांनी उजवी बाजू उतरवली. रेघ सरळ होती. मग त्यांनी तोंड धुतलं आणि तुरटी स्वतःच्या हाताने फिरवली.

“हां,” आजोबा म्हणाले. आई धावत चहा ठेवायला गेली.

बाबा पुढे वाकून बघत होते. आजोबांचा वरचा ओठ त्यांनी आजवर कधी बघितलाच नव्हता. पातळ, मधे खोलगट, एका बाजूला जरासा वर.

“अण्णा, तुमचा ओठ अगदी माझ्यासारखा आहे.”

“तुझा माझ्यासारखा आहे,” आजोबा म्हणाले. “क्रम चुकवू नकोस.”

तुरटी फिरली होती, म्हणजे विषय बंद. म्हणूनच दुपारच्या बैठकीत ठरलं की मिशी नव्हती. आत्या उतरवलेली पाटी घेऊन आली. ती आता खिडकीवर, आरशाच्या वर टांगलीय: ‘येथे स्पष्ट दिसेल’. दाढीचं यंत्र बाबा वापरतात, आणि ते चालू असताना त्यांना कोणी काही सांगत नाही. त्यांना त्याचं जरा वाईट वाटतंय असं आई म्हणते.

मी रोज सकाळी आजोबांची दाढी करतो. बाकीचे बातम्या आता वस्तरा उचलून धरलेला असतानाच सांगतात. काल मीही एक सांगितली, गळ्यावर, अगदी घाटीवर. काय ते सांगणार नाही, तुरटी फिरलीय. हात सुधारतोय म्हणतात, कपटे दोनावर आलेत. पण परवाच मी विचारलं, आता आलं का, तर आजोबा आरशात गाल वळवून म्हणाले, “काय हो दाढीवाले, सांगितलं होतं ना, तीसेक वर्षं.” आजोबांचं वय बघता इथे एक अडचण उभी राहते. ती घरच्या पातळीवर सुटण्यासारखी नाही.

सबब, ज्या कोणाच्या अखत्यारीत ही बाब येत असेल त्यांना सविनय विनंती की, अर्जदाराचं शिक्षण अपुरं असल्याचं व ते पूर्ण करून देणारी दुसरी व्यक्ती उपलब्ध नसल्याचं ध्यानात घेऊन, अर्जदाराच्या आजोबांना आजपासून तीसेक वर्षांची मुदतवाढ, त्यांच्या थरथरीसह व आहे त्या स्थितीत, मंजूर करण्यात यावी. मिशीबाबत कोणतीही मागणी नाही.